अठरा वर्षांनंतर काय, याचा अभ्यास कोण करणार?

प्रति,
सोलापुरातल्या शिक्षणशास्त्र, समाजकार्य आणि मानसशास्त्र विभागांमधले संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांस

स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की विशेष शाळांच्या दारात संशोधक यायला लागतात. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, प्रश्नावलीच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणि 'मॅडम, फक्त पन्नास पालक हवेत' ही विनंती. कुणी इथले असतात, कुणी लातूरचे, कुणी पुण्याहून एका दिवसापुरते आलेले. बौद्धिक अक्षम मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी याच शहरात गेली, त्यामुळे असे गठ्ठे मी पुष्कळ पाहिले. कुणाला परत पाठवायची आमची पद्धत नव्हती. पालकसभेच्या दिवशी बोलवायचं, आयांना बाकांवर बसवायचं, पेनं वाटायची. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, दोन रिक्षा बदलून आलेली बाई त्या कागदाकडे बघत राहते. 'माझ्या पाल्यामुळे माझ्या सामाजिक जीवनावर प्रतिकूल परिणाम झाला आहे', आणि पुढे पाच चौकटी. ती म्हणते, "मॅडम, तुम्हीच टाका की टिक. मला काय कळतंय त्यातलं?" तिला पोराला घेऊन घर गाठायचं असतं, दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. मग कुणीतरी मधल्या चौकटीत खूण करतं आणि बाईचे 'तीन गुण' होऊन तक्त्यात जातात.

पुढे निष्कर्ष निघतो: वडिलांपेक्षा आईला ताण जास्त, आणि उत्पन्न कमी तिथे ताण जास्त. खोटं काहीच नाही. पण एवढ्यासाठी टी-टेस्टसारखी संख्याशास्त्रीय चाचणी लावावी लागली याचं आम्हाला स्टाफरूममध्ये हसू यायचं, हेही खरं.

तुमची चेष्टा करायला हे पत्र लिहीत नाही. माझं मागणं एकच आहे. आतापर्यंतचं संशोधन अठरा वर्षांच्या आतल्या मुलांवर आणि त्यांच्या आयांच्या ताणावर झालं, ते पुरे. आता अठराच्या पुढची माणसं बघा. ती याच शहरात आहेत, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे लिहून ठेवलेलं जवळपास काही नाही.

अठराच्या आतली मुलं तुम्हाला सोयीची का वाटतात ते कळतं. ती एका छताखाली सापडतात, हजेरीपटावर असतात, मुख्याध्यापकांची एक परवानगी मिळाली की नमुना गोळा. शिवाय सगळी व्यवस्थाच त्या वयाशी थांबते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंतचा. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली, मुलाला काय काय येतं ते नोंदवायची जी तपासणी-सूची आम्ही वर्षानुवर्षं वापरली, तिचे गट पूर्वप्राथमिकपासून सुरू होतात आणि व्यवसायपूर्व गटाशी संपतात. सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड मोजपट्टी नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवली, तिच्यातल्या ८९ बाबी पंधराव्या वर्षापर्यंतच्या आहेत. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी चाळिशीचा माणूस नेला तरी त्याला त्याच पट्टीने मोजतात. बटणं लावता येतात का, रस्ता ओलांडता येतो का. घरात म्हातारी आई पडली तर तो शेजारी जाऊन सांगेल का, हे त्यात कुठून येणार?

आणि शाळा सुटल्यावर? शाळा सोडल्याचा दाखला हातात देतो, गोड खाऊ घालतो, फोटो काढतो. त्यातली थोडी अशा मोठ्या मुलांना हाताला काम देणाऱ्या कार्यशाळेत जातात. बाकीची घरी. घरी म्हणजे कुणी यंत्रमागाच्या शेडच्या दाराशी बसून असतो, कुणाला कोंडून ठेवलेलं असतं, आणि कुणी आपल्याला माहीत नसलेलं बरंच काही करत असतं. यातला तिसरा प्रकार जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या कामाचा खरा ऐवज तिथे आहे.

साखर पेठेच्या बाजूची एक मुलगी. घरी तेलुगू. शाळेत होती तोवर तिची मोजणी सात-आठच्या पुढे कधी सरकली नाही. प्रगतिपत्रकात दरवर्षी 'अंकज्ञान : १ ते १०, सराव चालू'. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी तिच्या घरी गेले, तर ती ओट्यावर बसून आईने वळलेल्या विड्यांच्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत होती. पुढ्यात प्लास्टिकच्या पाइपचा बोटभर तुकडा. त्यात विड्या उभ्या भरायच्या. तुकडा गच्च झाला, आणखी एक विडी जाईना, की पंचवीस झाल्या. मग त्या बाहेर ओढून दोरा गुंडाळायचा. आईने वेगवेगळ्या जाडीचे पाइप कापून पाहिले होते आणि ज्यात बरोबर माप बसलं तो ठेवला होता. आईला अक्षरओळख नाही. पण मुलीला मोजता येत नाही म्हटल्यावर तिने मोजायची गरजच काढून टाकली होती.

व्यवसाय प्रशिक्षणात अशा साधनाला जिग म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. काम बारीक पायऱ्यांत तोडलं, सुट्या भागांना रंग दिले. शिकणाऱ्याला जमत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत गोल्ड यांच्यासारख्यांची कामं शिकवतात. पाइप कापणारी बाई कुठल्याच पुस्तकात नाही. तंबाखूच्या धुळीत त्या मुलीने दिवसभर बसावं, हे मला पटतं असं नाही. पण ती तिथे काय शिकली आणि कशी शिकली, हे आपल्या कामाचं आहे.

अशी घरं शोधा. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत या शहराचं केवढं काम चालतं. तिथे धागे कापायला, घड्या घालायला आमची किती मुलं लागली, किती टिकली, मालकाने कशामुळे ठेवलं आणि कशामुळे काढलं, पगार हातात दिला की चहापाण्यावर भागवलं? टॉवेलच्या घड्या आणि पॅकिंग, चादरीच्या दशांना गाठी मारणं, ही कामं त्यांना जमतात की आपण नुसतं गृहीत धरतो? कार्यशाळांमध्ये अजूनही पणत्या, राख्या, मेणबत्त्या आणि कागदी पिशव्याच चालू आहेत. ओळखीचे लोक दिवाळीत घेतात, कौतुक करतात, आणि मार्च महिन्यात तिथे कुणी फिरकत नाही. पिशवी बनवायला शिकवायचं हे मुळात कुणी ठरवलं, याचाही एखादा चांगला प्रबंध होईल.

आता तब्येतीचं. डाउन सिंड्रोम असलेला आमचा एक जुना विद्यार्थी आता चाळिशीच्या पुढे आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागून चालत जाऊन एकटा परत येणारा. हल्ली गल्लीच्या तोंडाशी थांबतो, डावीकडे की उजवीकडे ते सुचत नाही. जेवलो की नाही हे विसरतो, चिडतो. घरचे म्हणतात, "हट्टी झालाय. भावजय घरात आल्यापासून बिघडला." एका दवाखान्यात दाखवलं तर उत्तर मिळालं, या मुलांचं असंच असतं.

असंच असतं, हे अर्धवट उत्तर आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते, हे पॅरिसच्या संशोधकांनी १९५९ साली मांडलं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन ज्या जनुकापासून तयार होतं, तो जनुक नेमका याच गुणसूत्रावर आहे. म्हणून या लोकांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा खूप लवकर, चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. पण आधी थायरॉइड तपासावं लागतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडणं नेहमीचं, त्यानेही माणूस मंदावतो, विसरतो, आणि त्यावर रोजची स्वस्त गोळी आहे. कान तपासावे लागतात, डोळे तपासावे लागतात. दुखणारी दाढ ज्याला सांगता येत नाही तो डोकं आपटतो आणि त्याला झोपेच्या गोळ्या सुरू होतात, असंही मी पाहिलं आहे. प्रत्येक तक्रार बौद्धिक अक्षमतेच्या खात्यात टाकली की खरा आजार झाकला जातो. इंग्लंडमध्ये २०१३ साली अशा मृत्यूंची रीतसर चौकशी पूर्ण झाली, तेव्हा बौद्धिक अक्षम पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा २० वर्षं आधी मरतात असं निघालं. त्यांतले बरेच मृत्यू वेळीच चांगली वैद्यकीय सेवा मिळाली असती तर टळले असते.

आयर्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या साडेसातशे बौद्धिक अक्षम व्यक्तींना निवडून, त्याच माणसांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जाणारा अभ्यास डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने चालवला. हाडं किती ठिसूळ झाली, दात किती उरले, मित्र किती आहेत, कुणाशी बोलता, सगळं विचारतात. अहवालाची एक सोपी, चित्रांची आवृत्तीही निघते, कारण ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांनीही तो वाचावा अशी त्यांची रीत आहे. सोलापुरात साडेसातशे माणसं कुणी मागत नाही. तीस घ्या. पण पुन्हा जा.

भाषेविषयी बोलल्याशिवाय सोलापूरचं काही पूर्ण होत नाही. इथल्या एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चार घरच्या भाषा सहज असतात. आपण सर्रास वापरतो ती बिने-कामत बुद्धिमापन चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्या काळाच्या मानाने मोठंच काम. पण पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या तेलुगू घरातल्या मुलाला ती मराठीतून देतात, तेव्हा आपण त्याची बुद्धी मोजतो की मराठी? मुलगा गप्प बसला की शून्य. एकदा तपासणीच्या वेळी आजी शेजारी बसली होती. तिने तोच प्रश्न तेलुगूत पुटपुटला आणि पोराने झटकन उत्तर दिलं. तपासणाऱ्याने आजीला बाहेर बसायला सांगितलं. नियमाने ते बरोबरच होतं, आणि तरी त्या दिवशी जो आकडा कागदावर आला तो त्या मुलाचा नव्हता. त्याच आकड्यावर त्याचा वर्ग ठरला आणि अक्षमता सौम्य की मध्यम हेही ठरलं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, हीच चाचणी त्याच मुलांना दोन भाषांतून देऊन फरक किती पडतो एवढंच तपासा. सोलापूरइतकी सोयीची जागा त्यासाठी महाराष्ट्रात दुसरी मिळणार नाही.

संमतीबद्दल मात्र थोडं कडक लिहिते. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड या बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत १९४० आणि ५० च्या दशकांत संशोधकांनी मुलांच्या न्याहारीत किरणोत्सारी द्रव्यं मिसळली. मुलांना 'सायन्स क्लब'चे सभासद केलं, बेसबॉलच्या सामन्यांना नेलं. पालकांना पाठवलेल्या पत्रात किरणोत्साराचा उल्लेखही नव्हता. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या अशाच मुलांच्या संस्थेत तर मुलांना मुद्दाम काविळीची लागण करण्यात आली. आपल्याकडे असं कुणी करत नाही, बरोबर. पण प्रबंधाच्या परिशिष्टात आमच्या मुलांचे फोटो नावानिशी छापलेले मी पाहिले आहेत, आणि प्रबंध आता शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जगाला खुले असतात. मुलाच्या आईला मात्र तो इंग्रजी प्रबंध वाचता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पालकाच्या संमतीवर थांबत नाहीत; सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. आमची मुलं नकार देतात, तो ओळखायला शिका. कागद पुढे केल्यावर पाठ फिरवणारा, पेन खाली टाकणारा, तिसऱ्यांदा बाथरूमला जायचं म्हणणारा मुलगा नाही म्हणतोय. पालकसभेत शाळेने बसवलं म्हणून बसलेली आईसुद्धा मोकळेपणाने हो म्हणत नाही, हे आम्ही शाळावाल्यांनीही ऐकून ठेवावं.

'आमच्यानंतर काय' हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो आणि तुमच्या प्रश्नावलीत तो 'भविष्यविषयक चिंता' होऊन येतो. चिंता मोजू नका, कागद मोजा. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. किती घरांनी तो अर्ज केला? ज्यांनी केला नाही त्यांना माहीतच नव्हतं, की तलाठ्यापासून बँकेपर्यंत फिरून कंटाळले? राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा किती जणांनी काढला, आणि काढला त्यांतल्या कितींना तो दवाखान्याच्या बिलाच्या वेळी मिळाला? आईच्या माघारी भावाकडे राहिलेले किती, बहिणीकडे किती, संस्थेत किती? बहिणीच्या सासरी राहिलेल्या भावाबद्दल तर कुणी एक परिच्छेदही लिहिलेला माझ्या वाचनात नाही, आणि अशी घरं मला या शहरात माहीत आहेत.

मला माहीत आहे, तुमचे मार्गदर्शक काय म्हणतील. वेळ कमी आहे, एम.एड.चा लघुप्रबंध काही महिन्यांत द्यायचा असतो, घरोघर फिरायला जमत नाही. बरोबर आहे. म्हणूनच एका विद्यार्थ्याने सगळं करू नये. सोलापूरला २००४ साली विद्यापीठ झालं ते एका जिल्ह्यापुरतं. अकरा तालुक्यांचा एकच जिल्हा, म्हणजे माणसं डोळ्याआड जायची शक्यता कमी. एका मार्गदर्शकाने एक यादी हाती घ्यावी. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नोंद प्रत्येक विशेष शाळेच्या दप्तरात असते. शाळेने आधी त्या घरांना विचारावं, आणि जी हो म्हणतील तेवढीच नावं द्यावीत. या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्या घरांत जाऊन पहिली फेरी करावी. तीन वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच घरांत त्याच प्रश्नांसह जावं. माणसं बदलतील, यादी बदलणार नाही. प्रत्येकाला स्वतःचा लघुप्रबंध मिळेल, आणि दहा वर्षांनी शहराच्या हाती असं काही येईल जे आज मुंबई-पुण्याकडेही मला दिसत नाही. यादी कुलुपात राहील आणि तिच्यातलं एकही नाव छापलं जाणार नाही, हे मात्र मार्गदर्शकांनी स्वतः बघायचं.

असं काम होऊ शकतं, हेही पाहिलं आहे. समाजकार्याची एक विद्यार्थिनी प्रश्नावली बाजूला ठेवून एका कुटुंबाच्या घरी पूर्ण दिवस बसायची. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हापासून. तेवीस वर्षांचा मुलगा सगळ्या वाड्याच्या घागरी भरतो आणि वाडा त्याला त्याबद्दल एक वेळचं जेवण देतो, हे तिला दिसलं. त्याच्या आईने आम्हाला इतक्या वर्षांत ते कधी सांगितलं नव्हतं. तिचा प्रबंध छोटा होता, तक्ते दोनच. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, नमुना एवढा लहान का?

तुम्ही येणार असाल तर आमच्या काही अटी आहेत. काम संपल्यावर चार पानी मराठी टिपण पालकांना द्यायचं आणि पालकसभेत उभं राहून वाचून दाखवायचं, प्रश्न घ्यायचे. तेलुगू आणि कन्नड बोलणारं कुणीतरी सोबत आणायचं. आमच्या शाळेच्या मावशींना दुभाष्या करायचं नाही, त्यांना त्यांचं काम असतं. घरी जायचं ते त्या घराच्या वेळेने, म्हणजे बहुतेक दुपारी तीननंतर, विड्या कारखान्यात देऊन बायका परत आल्यावर. शुक्रवार टाळा, यंत्रमाग कामगारांच्या घरी त्या दिवशी पगाराची गडबड असते. फोटो नाही.

निवृत्त झाले असले तरी शाळेत माझं येणं-जाणं आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांची बरीचशी घरं मला पायाखालची आहेत. पहिल्या फेरीला मी बरोबर येईन. तुमच्या पुढच्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाचा आराखडा द्यायच्या, तारखेआधी विभागातून कुणीतरी शाळेत येऊन मुख्याध्यापकांना भेटलं, तर याच सत्रात सुरुवात करता येईल.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका
सोलापूर